वस्तीवरची टाळेबंदी

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता टीव्हीवर कोरोनाच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश घरात बसला. त्या वेळी सोलापूर जिल्ह्यात काही रानांत ज्वारीचं खळं उरकायचं राहिलं होतं, द्राक्षं वेलीवर होती आणि साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या होत्या. ‘घरातच राहा’ हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर दाराला कडी, नळाला पाणी आणि खाली किराणा दुकान असलेलं घर असणार. आपल्याकडे उलटंच झालं. माणसं गावातल्या घरातून निघाली आणि रानातल्या वस्तीवर जाऊन राहिली. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हातावर शिक्का मारून दोन पर्याय दिले जायचे: 14 दिवस झेडपीच्या शाळेत, नाहीतर स्वतःच्या रानात. ज्याला रान होतं त्यानं रान निवडलं. ज्याला नव्हतं तो शाळेत गेला. टाळेबंदीचं राजकारण कळायला एवढीच विभागणी पुरेशी आहे, पण त्याआधी रानात राहायचं कसं ते नीट बोलू. कारण आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेल्या पुष्कळांचा मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला.

पहिला प्रश्न जागेचा. काळ्या रानात राहुटी ठोकू नये. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन हातभर भेगाळते आणि खुंटी त्या भेगेत नुसती डुलते. वळवाचा एक पाऊस झाला की तीच जमीन पायाला किलोकिलोनं चिकटते. मुरमाड जागा शोधावी, बांधालगतचा उंचवटा असेल तर उत्तम. ओढ्याच्या काठची सावली कितीही गार वाटली तरी तिथं मुक्काम नको. 14 ऑक्टोबर 2020 च्या पावसानं याचं कारण सगळ्या जिल्ह्याला दाखवलं. सावलीला लिंबाचं झाड सगळ्यात चांगलं. बाभळीखाली काट्यांनी चपला जातात, मुलांचे पाय जातात.

निवाऱ्यात ताडपत्री घ्यायची असेल तर वजन बघून घ्या. बाजारात मिळणारी पातळ निळी ताडपत्री सोलापूरच्या उन्हात एका हंगामात कुरकुरीत होते आणि घडीवर फाटते. 200 ते 250 जीएसएमची (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) जाड ताडपत्री दोन-तीन वर्षं काढते. सांगोला-पंढरपूर भागात त्याहून सोपा माल मिळतो, तो म्हणजे शेततळ्याचा उरलेला 500 मायक्रॉनचा कागद. वाऱ्यानं फाटत नाही, गळत नाही. काळा असल्यामुळे तापतो मात्र फार, म्हणून त्यावर उसाचं पाचट किंवा जुना कडबा वीतभर अंथरून वरून दोऱ्या आवळायच्या. पत्र्याच्या शेडलाही हाच उपाय, आतला फरक दुपारी लगेच कळतो. पाचट टाकल्यावर चूल शेडपासून किमान 15 फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. वाळलेलं पाचट पेट घेतं तेव्हा घागर आणायलाही वेळ देत नाही.

पत्रा उडतो तो वळवाच्या वाऱ्यात, आणि उडतो ओसरीच्या कडेपासून. तारेनं बांधलेले किंवा वर नुसते दगड ठेवलेले पत्रे ही वस्तीवरची जुनी सवय. पण तोच दगड पत्र्यासकट खाली झोपलेल्यावर येतो. जे-हूक (इंग्रजी J सारखे वाकडे बोल्ट) लावावेत, रबरी वायसर न विसरता, आणि कडेच्या पन्हाळीत एक सोडून एक नव्हे तर प्रत्येक पन्हाळीत. टायर ठेवायचे तर ते दोरीनं खाली बांधून.

ऊसतोड मजुरांची कोपी या सगळ्याहून शहाणी. बांबू वाकवून कमान करायची, वर चटई किंवा ताडपत्री, उंची इतकी कमी की वाकूनच आत जायचं. वाऱ्याला धरायला काहीच मिळत नाही. पण ती पाच-सहा महिन्यांच्या गाळपासाठी असते, मेच्या उन्हासाठी नाही. गाळप संपलं, सीमा बंद झाल्या आणि बीड-उस्मानाबादकडची माणसं त्याच कोप्यांत अडकली. राज्य सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली ती 17 एप्रिलला, तीही तपासणी करून, कारखान्याच्या जबाबदारीवर. मधल्या तीन आठवड्यांत त्यांना कोण गावात घेणार, कोण पाणी देणार, हे त्या त्या गावच्या मनावर होतं. मेंढपाळांचे वाडेही असेच जिथं होते तिथं थांबले. पुढच्या गावानं शिवेवर काट्या टाकल्या होत्या आणि मागचा चारा संपला होता. वर्षातले सहा-आठ महिने उघड्यावर राहणारी ही माणसं मुक्कामाच्या कलेत सगळ्यांच्या पुढे, आणि आदेश लिहिताना ती कुणालाच आठवली नाहीत.

झोपायचं जमिनीवर नाही. हा नियम सगळ्यात आधी सांगायला हवा होता खरं तर. मण्यार रात्री फिरते, ती उबेला किंवा भक्ष्याच्या मागं अंथरुणात येते आणि तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, तेव्हा संशय येतो. बाज किंवा लोखंडी खाट, तिच्यावर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. लोंबती मच्छरदाणी साप अडवत नाही. कडब्याची गंज राहत्या जागेपासून लांब रचावी, कारण गंजीत उंदीर, उंदरामागं नाग आणि घोणस. धान्याची पोती खाटेखाली ठेवणं याच कारणानं वाईट. चपला-बूट सकाळी आपटून घालायचे, विंचवासाठी. सरपणाच्या ढिगात अंधारात हात घालायचा नाही.

चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू न देता फळीला सैल बांधा आणि माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा. गाडी वस्तीपर्यंत येत नसेल तर दुचाकीवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. एप्रिल 2020 मध्ये अडचण लसीपेक्षा रस्त्याची होती. गावोगाव तरुणांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुठं जेसीबी लावून चर मारले. गावाला वाटलं, बाहेरचा आत येणार नाही. वस्ती गावाच्या पलीकडे असली की चराच्या चुकीच्या बाजूला तीच राहते. ज्या गावांत चार शहाणी डोकी होती तिथं काट्या न टाकता दोरी बांधली आणि पाळीनं माणूस बसवला. दोरी सोडायला अर्धा मिनिट लागतो.

मुलं रानात राहायला आली की दुसरा धोका शेततळ्याचा. कागदाचा उतार ओला झाला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, पाय धरतच नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड कासरा काठावरच्या खुंट्यांना बांधून पाण्यापर्यंत सोडा, हातभर अंतरावर एक गाठ. जुनी हवा भरलेली ट्यूब पाण्यावर तरंगती ठेवा, तिलाही दोर. आणि कुंपण, निदान काटेरी झाडोऱ्याचं तरी.

पाणी. गावात ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतो. वस्तीवर विहीर आपली, त्यामुळे टीसीएलही आपणच टाकायची. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि 22 नं गुणा. गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये निघतं. 20 फूट व्यास आणि 10 फूट पाणी असेल तर 88,000 लिटर. दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथं 220 ग्रॅम. पावडर सरळ विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरानं विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. चुना फेकून द्या. तासभर पाणी शेंदायचं नाही, म्हणून हे काम रात्री करावं.

फसतं कुठं? पावडर जुनी असते. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि उरलेली पांढरी धूळ आपण इमानदारीनं मोजून टाकत राहतो. डबा उघडल्यावर नाकाला झणझणलं नाही तर ती पावडर बाद समजा. दुसरं, रोज मोटर चालून विहिरीला नवं पाणी येतं, तेव्हा आठवड्यापूर्वीचा डोस आजचं पाणी शुद्ध करत नाही. पिण्याचं पाणी रोज वेगळ्या पिंपात काढून तिथंच औषध टाकणं जास्त परवडतं.

शौचालय घरी, म्हणजे गावात. कागदावर गाव हागणदारीमुक्त, आणि रानात राहायला आलेले घरचे सगळे टमरेल घेऊन ओढ्याकडे. विहिरीपासून 100 फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला एक फूट रुंद, दोन फूट खोल चर काढा. निघालेली माती शेजारीच ठेवून प्रत्येक वेळी दोन खोरी माती आणि मूठभर राख टाका. चर वीतभर शिल्लक राहिला की बुजवून पुढं सरका. भोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या की आडोसा होतो. बायकांना अंधाराची वाट बघायला लागू नये यासाठी हा खड्डा पहिल्याच दिवशी हवा.

चुलीचं फार सांगायला नको, आपल्याकडे ते सगळ्यांना येतं. तुराट्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात, म्हणून पेटवायला तुराटी आणि भाकरीला बाभळीचं लाकूड. मात्र गिरणीचा प्रश्न त्या वर्षी खरा होता. गिरणी ठरावीक वेळेतच उघडी, तेव्हा लाईट असेलच असं नाही. एकदम पंधरा दिवसांचं दळण आणलं की ज्वारीच्या पिठाची चिकटाई जाते आणि भाकरी थापताना कड फाटते. जुन्या पिठाला उकळतं पाणी घालून, झाकून, पाच मिनिटांनी मळलं की भाकरी वळते. त्याहून शहाणपण कडक भाकरीत आहे. ताज्या पिठाच्या पातळ भाकऱ्या मंद आचेवर पूर्ण वाळवून फडक्यात बांधल्या की कित्येक दिवस टिकतात. शेंगाचटणी बरोबर असली की गॅसची टाकी संपल्याची काळजी नाही.

यातली गंमत अशी, की ज्वारीच्या जिल्ह्यात सरकारची मदत तांदळात आली. एप्रिलपासून माणशी 5 किलो तांदूळ फुकट, पुढं ते नोव्हेंबरपर्यंत वाढलं. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनसाठी माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी. मदत मोलाची होती, त्यावर कुरकुर नाही. पण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कट्टा बाजारात पडून आणि ताटात रोज भात, हे ज्यानं खाल्लं त्यालाच कळेल. संसर्गाच्या भीतीनं कार्डधारकाचा अंगठा बंद करून दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची सोय झाली. सोय चांगली, आणि गडबडीलाही तितकीच चांगली. वस्तीवरचा माणूस महिन्यातून एकदा दुकानात येतो, ‘तुमचं नेलं कुणीतरी’ हे त्यालाच ऐकावं लागतं. पावती मागायची, कार्डावरच्या माणसांची संख्या आणि पावतीवरचे किलो जुळवायचे, आणि हे दुकानाच्या दारातच करायचं. घरी आल्यावर केलेला हिशेब कुणी ऐकत नाही.

दुधाचं दुखणं सगळ्यात मोठं. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद, आणि म्हैस तर आदेश वाचत नाही. राज्य सरकारनं एप्रिलमध्ये रोज 10 लाख लिटर जादा दूध 25 रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं, पण वस्तीवर हातात पडणारा दर त्याच्या बराच खाली होता. 1 ऑगस्टला भाजप आणि मित्रपक्षांनी लिटरला 10 रुपये अनुदानासाठी रस्त्यावर दूध ओतलं; वर्षभरापूर्वी हेच पक्ष सत्तेत होते. ओतण्यापेक्षा आटवणं बरं. 42 अंशांत कॅनमधलं दूध चार तासांत दगा देतं. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवलं तर थोडा वेळ वाढतो, इतकंच. गाडी आलीच नाही तर लगेच कढई चढवायची. म्हशीच्या पाच लिटरांचा साधारण एक किलो खवा निघतो, गाईच्या दुधाला लिटरभर जास्त लागतं. शेवटची पंधरा मिनिटं आच कमी आणि उलथनं थांबवायचं नाही, नाहीतर तळ लागतो आणि सगळ्या खव्याला करपट वास येतो.

लाईटचं वेळापत्रक वस्तीवर पंचांगासारखं पाठ असतं. शेतीपंपाला थ्री फेज एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की दोन वाजता अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, आणि साप चावतो तो त्याच वेळी. दिवसा वीज द्या ही मागणी सगळ्याच पक्षांच्या जाहीरनाम्यात असते, ती तिथंच पिकते. वस्तीच्या दिव्यांपुरतं मात्र स्वतःचं करता येतं. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास आणि दोन मोबाईल, असा रोजचा खर्च 80 वॅट-तास धरा. 40 वॅटचं सोलर पॅनेल आणि 12 व्होल्ट 20 अँपिअर-तासांची बॅटरी त्याला पुरते. मध्ये चार्ज कंट्रोलर पाहिजेच. तो वाचवायला जाल तर एका उन्हाळ्यात बॅटरी फुगेल. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, तिरपेपणा 18 अंशांच्या आसपास, आणि दर चार दिवसांनी ओल्या फडक्यानं धूळ पुसायची. मळणीच्या दिवसांत रोज.

मोबाईल चार्ज होऊन उपयोग काय, रेंज पाहिजे. ऑनलाईन शाळा सुरू झाल्या तेव्हा वस्तीवरच्या पोरांचा वर्ग विहिरीच्या थारोळ्यावर किंवा झाडाच्या फांदीवर भरायचा. एक फोन उंचावर पिशवीत टांगून त्याचं हॉटस्पॉट खाली वापरणं जमतं, फक्त उन्हात तो फोन तापून बंद पडतो, म्हणून पानांच्या आड टांगायचा. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाबद्दल डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. अभिमान वाटलाच. पण तो कोड स्कॅन करायला घरात दुसरा फोन नसलेली घरं त्या वर्षी जास्त होती, आणि पहिला फोन बापाबरोबर मार्केट यार्डात असायचा.

आता गावचा कारभार. जिल्ह्याला जानेवारी ते एप्रिल 2020 या काळात वळसे-पाटील, आव्हाड आणि भरणे असे तीन पालकमंत्री मिळाले, म्हणजे तक्रारीचा कागद पोचेपर्यंत पत्ता बदललेला. तिकडे मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसवायचे होते, कारण निवडणुका पुढे ढकलल्या होत्या. जुलैत सरकारनं पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं ‘योग्य व्यक्ती’ नेमायचं काढलं. योग्य व्यक्ती कोण हे गावातल्या पोरालाही कळत होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि प्रशासक म्हणून सरकारी कर्मचारीच आले. एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे कित्येक गावं. वस्तीवरच्या हातपंपाचा दांडा तुटला तर सांगायचं कुणाला? सरपंच माजी, प्रशासक तालुक्याला, ग्रामसेवक दोन गावांत वाटलेला.

मग 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचं मतदान लागलं. सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जत्रा, त्या वर्षी भरला नाही, पण पॅनेलं भरली. थेट सरपंच निवड रद्द झाली होती आणि सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघणार होतं, म्हणून कुणीच ‘मी सरपंच’ म्हणून मत मागू शकत नव्हता. याचा एक फायदा झाला. भावी सरपंच ठरलेला नसल्यानं प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येक मताला किंमत आली, आणि दहा महिने ज्यांच्या वाटेवर काट्या होत्या त्या वस्त्यांवर जीपा पोचल्या. रस्ता होता म्हणायचा, इच्छा असली की. दुसऱ्या लाटेत काही गावांनी गाव कोरोनामुक्त ठेवून दाखवलं. मोहोळ तालुक्यातलं घाटणे आणि दक्षिण सोलापुरातलं अंत्रोळी यांचं नाव तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मे 2021 मध्ये घेतलं. ही कामं निधीची नव्हती, घरोघर जाऊन तपासायची आणि वेळेवर वेगळं ठेवायची होती. वस्त्या मोजल्याशिवाय ती होतच नाहीत.

तेव्हापासून आतापर्यंत वस्तीवरची जी मागणी शिल्लक आहे ती रस्त्याची. पाणंद रस्त्यांसाठी नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. तिच्यात काम रोजगार हमीतून व्हायचं, पण अडवलेली वाट ती मोकळी करून देत नव्हती. त्यासाठी तहसीलदाराकडे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि लोक हमखास चुकीचा ठोठावतात. वाट आधी नव्हतीच, बांधावरून नवी पाहिजे, तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. वाट होती आणि कुणी नांगरली किंवा अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5. पहिल्या अर्जाला सातबारा, गटाचा नकाशा आणि ज्यांच्या बांधावरून जायचं त्या सगळ्यांची नावं-पत्ते लागतात. एक नाव राहिलं की नोटीस फिरून येते आणि तारीख पुढे जाते. दोन्ही बाजूंनी चार-चार फूट सोडून आठ फुटी वाट मिळायची, तिच्यातून बैलगाडी जायची. ऊस भरलेल्या ट्रॉलीला आणि रुग्णवाहिकेला 12 फूट लागतात, ते शेजाऱ्याशी बसून आधीच ठरवून अर्जात लिहावं. दुसऱ्या दाव्याला मुदत आहे, वाट अडवल्यापासून सहा महिने. म्हणून नांगर फिरला त्याच दिवशी फोटो काढा, तलाठ्याला लेखी द्या आणि पोच घ्या.